इरण्णाची एकेचाळीस विमानं

आमच्या शेजारचा इरण्णा खंडेनवमीला एकेचाळीस लढाऊ विमानांची पूजा करतो.

खंडेनवमीला सोलापुरात जो तो आपल्या पोटाच्या हत्याराला फूल वाहतो. कुणाचा माग, कुणाची शिलाई मशीन, कुणाची रिक्षा. मी जन्मभर विड्या वळल्या, मी विडीची कात्री पुजते. इरण्णा होटगीला रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामाला होता. त्यानं फार तर कंदील पुजावा. पण तो पाटावर खण अंथरतो, त्यावर तळहाताएवढी विमानं रांगेनं मांडतो, प्रत्येकाच्या नाकावर विभूतीचं बोट ओढतो आणि पुढे एकेक झेंडूचं फूल ठेवतो. दोन तास जातात. तोवर पोटात अन्न घेत नाही.

विमानं ओतीव धातूची आहेत. जुन्या मोठ्या लढाईत जी उडाली तशीच्या तशी, फक्त लहान. त्यांना खेळणी म्हणायचं नाही. एकदा मी म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

गेल्या वर्षी त्या विमानांचं माझ्या हातून वाटोळं झालं. ते कसं झालं तेच सांगायचं आहे. पण आधी माणूस सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात.

होटगी रोडच्या बाजूला आमची दोन पत्र्याची घरं एका भिंतीला आहेत. भिंत अशी, की त्याच्या घरी फोडणी पडली की मला ठसका लागतो. तीस वर्षं झाली. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला आक्का म्हणतो.

त्याच्या तोंडी एक बोल कायम असतो. "बहात्तरात एक, आक्का." म्हणजे खरं विमान बहात्तर हात असेल तर त्याचं एक हात. हे विमानांपुरतं ठेवावं की नाही? मी ताटात भाकरी वाढली की उलटीपालटी करून बघणार, "ही बहात्तरातली हाय का ओ?" नळाची धार बारीक आली की बहात्तरात एक. एका लग्नात नवरदेव जरा बुटका होता. अक्षता टाकताना हा मोठ्यानं बोलला. आम्ही तिघं न जेवता परत आलो. तिघं म्हणजे मी, तो आणि त्याची बायको नीलव्वा.

मी त्याला विचारलं होतं, तुला एवढी विमानं कशाला रे? म्हणाला, "जलमभर रुळाकडं बघितलं, आक्का. रूळ म्हंजे आदीच ठरल्याली वाट. रूळ सोडून जाणारं कायतरी घरात पायजे की."

"मग बसलास का कधी विमानात?"

"छ्या! भ्या वाटतं."

होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमान जायला लागलं, तेव्हा सगळी गल्ली माना वर करून उभी राहिली. हा ओट्यावर पेपर वाचत बसलेला. मी म्हणाले, "वर बघ की, तुझं आलं."

"ते व्हय? यष्टी हाय ती, आक्का. पंख लावल्याली."

माणूस भित्रा. घरात विंचू निघाला की नीलव्वा चप्पल घेऊन आत जायची आणि हा रस्त्यावर उभा राहून विचारायचा, "मेला का? मेला का?" आणि शोकेसात ठेवलेली काय, तर बॉम्ब टाकणारी विमानं.

ती शोकेस नीलव्वाच्या माहेरची. तिच्यात तिची स्टीलची भांडी होती. एकेक विमान आलं तसा एकेक डबा माळ्यावर गेला. शेवटी शोकेसात तिचं काही उरलं नाही. वरच्या फळ्यांवर इंग्रजांची विमानं, खालच्या फळ्यांवर जर्मनांची आणि जपान्यांची. एकदा पुसताना तिनं ती जागच्या जागी ठेवली नाहीत. हा तसाच बनियनवर माझ्याकडे आला.

"आक्का, हिनं जर्मनांचा स्टुका नेऊन इंग्रजांच्या हरिकेनच्या मांडीला मांडी लावून ठिवला!"

"मग?"

"मग काय मग? लढाई हाय त्येंची!"

भिंतीपलीकडून नीलव्वा ओरडली, "माजी बी हाय!"

नीलव्वा अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यातली. कानडी सातवी शिकलेली. माझ्याशी मराठी बोलायची, नवऱ्याशी भांडण मात्र कानडीत. कानडी बायका नवऱ्याला "री" अशी हाक मारतात. त्या "री"च्या चढावरून मला इकडे कळायचं, की नवं पार्सल सापडलं. तिच्या भीतीनं तो पार्सलं माझ्या पत्त्यावर मागवायचा. "दोन दिस ऱ्हाऊ द्या, आक्का. ती बाजारला गेली की नेतो." मी ठेवून घ्यायची आणि त्याच संध्याकाळी नीलव्वाला सांगायची. मला कुणाचं चोरून ठेवायला जमत नाही. मग ती दोन दिवस काही न बोलता वाट बघायची, आणि तो विमान सदऱ्याखाली लपवून आत आला की सुरू व्हायची. दीड-दीड तास. त्याचा आवाज ऐकू यायचा नाही. मला वाटायचं, हा मेला ऐकत तरी असतो का?

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावर ती दोघं कधी बोलली नाहीत आणि मी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी नीलव्वा गेली. पोटात पाणी झालं होतं. चार महिने अंथरुणावर होती, शेवटी शेवटी ओळख राहिली नव्हती. त्यांच्यात माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. तिला तशी नेली. इरण्णा परत आला आणि घरात भिंतीला पाठ लावून तोही तसाच मांडी घालून बसला. मी भाकरी नेऊन ठेवली. लहान की मोठी, त्यानं काही विचारलं नाही.

भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. मला आधी वाटलं, बरं झालं, आता दुपारची झोप तरी लागेल. लागली नाही.

गेल्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. दसऱ्याच्या आधीचे दिवस. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ नको, पाणी नको, खाली वाकायचं नाही. म्हणून तो आठ दिवस होटगीला बहिणीकडे निघाला. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"खंडेनवमीला सकाळी येतो, आक्का. तेवडी विमानं पुसून ठिवा. मऊ फडक्यानं. हळू."

"अरे, चाळीस वर्षं देव घासतेय मी."

"व्हय, पर हे देव न्हाईत."

"पाटावर मांडतोस ना? मग देवच."

तो काहीतरी बोलणार होता, पण रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

आता हे पाहा. पूजेला मांडायची वस्तू फडक्यानं पुसून कोण मांडतं? नंदादीप असो, ताम्हण असो, घासल्याशिवाय देवापुढे नेत नाहीत. मला माझ्या आईनं तेच शिकवलं. आणि ती विमानं मी आजवर काचेबाहेरून बघत आले होते. कुठे हिरवट, कुठे तपकिरी, डाग डाग. मला नेहमी वाटायचं, ओल लागून बुरशी धरली आहे, गंज चढला आहे, आणि नीलव्वासारखी टापटिपीची बाई हे असं कसं ठेवते. तो लढाईतला रंग असतो, वरून शत्रूला जमिनीसारखं दिसावं म्हणून मुद्दाम लावलेला, हे मला कोण सांगणार?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच्या मोरीत टब मांडला. कढत पाणी ओतलं, धुण्याचा सोडा मुठीनं टाकला आणि एकेचाळीस विमानं बुडवली. दुपारपर्यंत भिजू दिली. मग चिंच, राख आणि तारेची घासणी घेऊन बसले. मळ काय निघाला! पाणी हिरवंकाळं झालं. मनात म्हणाले, पुरुषाच्या हातचं असंच असतं.

विमानांच्या पोटाला एकेक कागदाची चिठ्ठी होती, वरून चिकटपट्टी लावलेली. तिच्यावर ती कानडी अक्षरं, जिलेब्यांसारखी गोल गोल. मला कानडी वाचता येत नाही. वाटलं, विजापूरकडच्या दुकानातून मागवली असतील, दुकानाच्या चिठ्ठ्या आहेत. सोड्यानं भिजून सुटल्याच होत्या. ज्या चिवट होत्या त्या नखानं खरवडल्या. बादलीभर पाणी ओतलं, सगळा लगदा मोरीतून गेला. घासताना चार-पाच पंखे मोडले, तेवढं मला वाईट वाटलं. पण विमानं अशी लखलखीत निघाली, की एकेकात तोंड दिसावं.

खंडेनवमीला सकाळी पाट मांडला, खण अंथरला, रांगा लावल्या. झेंडू आणले. नऊच्या सुमारास इरण्णा आला, काळा चष्मा लावून. मी दार उघडून बाजूला झाले. खरं सांगते, शाबासकीची वाट बघत होते.

तो पाटापुढे उभा राहिला. चष्मा काढला, परत लावला. मग हळूच खाली बसला आणि पहिलं विमान उचलून उलटं केलं. ठेवलं. दुसरं उलटं केलं. मग तिसरं. रंग गेला होता, पंखे मोडले होते, तिकडे त्यानं बघितलंच नाही. नुसती पोटं बघत होता.

"चिठ्ठ्या?" म्हणाला.

"कसल्या?"

"खालच्या."

"त्या व्हय? काढल्या की. लई चिकट होत्या मेल्या."

"कुटं टाकल्या?"

"मोरीत गेल्या."

तो उठला आणि मोरीत गेला. जाळी काढली आणि तोंड पार भोकाशी नेऊन आत बोटं घातली. वाकायची बंदी असलेला माणूस. मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून ओढला.

"डोळा जाईल रे, मुडद्या!"

"जाऊ द्या."

बोटांना लागलं ते नखाएवढं पांढरं काहीतरी. अक्षर त्यावर नव्हतं. ते त्यानं हातात धरलं आणि मोरीच्या कठड्यावर बसला.

"दुकानाच्या चिठ्ठ्यांसाठी एवढं?" मी म्हणाले.

"दुकानाच्या न्हवत्या, आक्का. तिच्या होत्या."

मग त्यानं सांगितलं. भांडण झालं की नीलव्वाचं समाधान होत नसे. जे तोंडानं बोलून उरायचं ते ती चिठ्ठीवर लिहायची आणि नव्या विमानाच्या पोटाला चिकटवून टाकायची. पहिली चिठ्ठी त्याला विमान पुसताना सापडली. तो काही बोलला नाही. तीही बोलली नाही. पुढच्या विमानाला पुन्हा चिठ्ठी. असं वीस वर्षं चाललं. ती बाजारला गेली की तो शोकेस उघडून नवी चिठ्ठी वाचायचा आणि विमान जागेवर ठेवायचा. आपण वाचतो हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर मात्र रोज वाचायचा. पूजेचे दोन तास का लागायचे, ते मला तेव्हा कळलं.

मला माफी मागायची सवय नाही. मी म्हणाले, "मला काय माहीत? मला कानडी येतंय का?"

"न्हाय येत," तो म्हणाला. "म्हून तर किल्ली दिली."

मग मी घरी गेले. कॅलेंडरची जुनी पानं आणली, पाठीमागून कोरी. त्याच्या पट्ट्या कापल्या, माझ्याच कात्रीनं. कणकेची खळ शिजवली. पेन घेऊन त्याच्यासमोर बसले.

"सांग. काय काय होतं?"

"तुमी लिवणार?"

"चौथी पास हाय मी. सांग."

त्यानं हरिकेन उचललं. डोळे मिटले. कानडीत पुटपुटला, मग मराठीत सांगितलं. मी लिहिलं: पाहुणे आले तेव्हा चहाला साखर नव्हती. विमान होते.

स्टुकाचं: ह्याचे तोंड तुमच्या आत्यासारखे आहे.

डकोटाचं: ह्यात माणसे बसतात म्हणे. मला अजून तुळजापूरलासुद्धा नेले नाही.

एकाचं नुसतं: हे सातवे. पुरे. आणि त्याच्या शेजारच्याचं: हे आठवे.

एकाचं सांगताना तो थांबला. "लिहा की: पुसताना ह्याचा पंखा बोटाला लागला. रक्त आले. तुम्ही विमानाला काय झाले विचारले."

"असं केलंस तू?"

"केलं."

मी लिहिलं. आणि एक होतं, छोटं, दोन पंख एकावर एक असलेलं. त्याचं त्यानं सांगितलं: हे छान आहे. पण मी सांगणार नाही.

ती पट्टी मी दोनदा खळ लावून चिकटवली.

सत्तावीस झाली. अठ्ठाविसावं त्यानं हातात घेतलं आणि नुसता बघत राहिला. ते ठेवून दुसरं घेतलं, मग तिसरं.

"आठवंना."

"रोज वाचत होतास ना?"

"व्हय."

"मग पाठ कसं न्हाय झालं?"

"लिवल्यालं होतं की खाली," तो म्हणाला. "पाठ कशाला करू?"

इतकी वर्षं मी त्याला चिडताना बघितलंय, लपताना बघितलंय. असा बसलेला बघितला नव्हता. काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. मी म्हणाले, डोळ्याला चालत नाही ते, पूस. त्यानं पुसलं.

मग म्हणाला, "तुमी इतकी वर्सं ऐकलंय तिला, भिताडाआडून. काय म्हनली असती ती?"

"ते कानडीत असायचं. मला नुसता चढ कळायचा."

"मग चढावरून सांगा."

मी एक पोट सुटलेलं विमान उचललं. म्हणाले, "ह्येचं पोट बघ, तुझ्यासारखं सुटलंय."

"ती ‘तुज्यासारखं’ म्हनत न्हवती. ‘तुमच्यासारखं’."

"बरं, तुमच्यासारखं."

"हां. लिहा."

एकावर मी लिहिलं, ह्याच्यापायी माझे डबे माळ्यावर गेले. तो म्हणाला, हे खरंच होतं कशावर तरी. दुसऱ्याला मी जरा जहरी बोलले, तर म्हणाला, "येवडं कडू न्हवती ती."

"तुला काय माहीत? माझ्यासमोर बोलायची ती."

"काय बोलायची?"

"ते चिठ्ठीवर मावणार न्हाय."

तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे दात बघितले. खालचे दोन पडले होते, ते मला माहीतच नव्हतं.

अशी तेरा विमानांना मी शिव्या दिल्या. काही त्याला पटल्या, काही त्यानं बदलून घेतल्या. ऊन अंगणातून गेलं. पूजा तशीच राहिली होती आणि दोघांच्याही पोटात काही नव्हतं. खळ वाळत आली होती. शेवटी एक विमान राहिलं. मोठं, चार पंख्यांचं. मी पट्टी कापली आणि त्याच्याकडे बघितलं.

"ह्येला काय लिहू?"

"कायच न्हाय. ह्येला चिठ्ठी न्हवतीच."

"का? हे आवडलं होतं तिला?"

"बघितलंच न्हाय तिनं." त्यानं ते विमान मांडीवर घेतलं. "ती गेल्यावर दोन म्हैन्यांनी मागवलं. तुमच्या पत्त्यावर न्हाय, हितंच मागवलं. सदऱ्याखाली घालून उगंच चौकापोतर गेलो आन् परत घरात आलो. शोकेसमंदी ठिवलं. मग खाली बसून ऱ्हायलो."

"कशाला?"

"कुनी कायतरी म्हनंल म्हून."

मी कापलेली पट्टी खाली ठेवली.

"दिवे लागंपोतर बसलो, आक्का. कुनी काय म्हनलंच न्हाय."

मी त्याच्या मांडीवरचं विमान उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. भिंतीपलीकडे कुणी असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं, अशा आवाजात म्हणाले, "घरात चाळीस असताना हे आनि कशाला आनलं हो? शोकेसात तसूभर जागा हाय का? अक्कल हाय का न्हाय तुमाला?"

इरण्णानं मान खाली घातली. काळा चष्मा नाकावर घसरला, तो त्यानं सावरला नाही.

"चुकलं," म्हणाला. "परत न्हाय आनत."